पंचफुलाबाईची हाळी

आमच्या घरात एक माणूस प्रसिद्ध होऊन गेला. पडशासारखी ती प्रसिद्धी आली आणि तशीच नाक पुसून गेली, पण होती तेवढे दिवस आमच्या सगळ्या किन्हीराजा गावाला शिंका आणल्या तिनं. तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ गजानन. घरात गज्या, कॉलेजात गज्जू आणि मोबाईलच्या पडद्यावर 'जी-किन्ही'. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कृषी केंद्रात बोंडअळीवरचं नवीन औषध आलं असावं. बाबांनाही तसंच वाटलं असणार, कारण जेवता जेवता मान वर न करता त्यांनी विचारलं, "कितीची बाटली हाये?" गज्या ताटावरून उठून गेला. कलावंताचा अपमान झाला होता ना.

आमचं घर गावाबाहेर, मळ्यातच. विहीर, तिच्यावरची मोटार, पत्र्याच्या दोन खोल्या आणि बाकी सगळी भाजी: मेथी, पालक, वांगी, हिवाळ्यात मुळे आणि बारा महिने सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडची माणसं हा शब्द ऐकून इडली शोधायला लागतात म्हणून एकदाच सांगून ठेवते. लाईन, म्हणजे वीज, तिच्या मर्जीनं यायची, आली की मोटार घरघरायला लागायची आणि मग घरातलं सगळं बोलणं ओरडून. त्यामुळे आमच्या घराण्याचा आवाज मोठा. बाबा मात्र गप्प. त्यांना जे सांगायचं ते वाफ्यांत जाणाऱ्या पाण्याची दांडी इकडून तिकडं वळवून सांगायचे. बाजाराच्या दिवशी उजाडता उजाडता मी आणि आई मेथी उपटायला बसायचो. दवानं बोटं गारठून जायची. दुसऱ्या मळेवाल्या आदल्या संध्याकाळीच माल काढून, पाणी मारून, गोणपाटाखाली झाकून ठेवायच्या. आईला ते जमायचं नाही. जुड्या बांधून झाल्या की चुलीवरची ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि मुठीनं फोडलेला कांदा, आणि तोवर रस्त्यावर वाशीमकडच्या मालेगावची काळीपिवळी जीप हॉर्न वाजवायला लागलेली असायची. गज्या तेव्हा झोपलेला असायचा.

मालेगावच्या बाजारात भाजीवाल्या बायांचा एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून सगळ्या पाळत असत. प्रत्येकीची हाळी वेगळी आणि एकीची हाळी दुसरीनं उचलायची नाही. सासू थकली की तिची बसायची जागा आणि हाळी, दोन्ही सुनेकडं जायची. सून नसली तर लेकीकडं. आईला ती आजीकडून आली होती. आणि दुसरी गोष्ट, शिळ्या मालावर हाळी द्यायची नाही. कालचं उरलेलं विकायला कुणाची ना नव्हती, पण ते बाजूला टाकायचं, तोंड मिटून बसायचं आणि गिऱ्हाईकानं विचारलंच तर कालचं आहे म्हणून सांगायचं. हाळी दिली म्हणजे शब्द दिला. माझ्या आईची हाळी अशी होती:

"येऽऽ वं माय, नेऽऽ वं माय,
कालचं नाई, आजचं हाय."

'ये'वर ती आवाज उचलायची तो बसस्टँडावर उतरणाऱ्या बायांना ऐकू जायचा, आणि 'हाय'वर असा अलगद खाली ठेवायची की शेजारी मिरच्या घेऊन बसणारी कौसाबाई दरवेळी मान हलवायची. कौसाबाईची आणि आईची जागेवरून दर बाजाराला भांडणं व्हायची, तरी मान हलवायची. आई, म्हणजे पंचफुलाबाई, बोलली म्हणजे माल ताजा, हे बाजाराला माहीत होतं. बाया भाव करायच्या, पण जुडी उलटीपालटी करून बघायच्या नाहीत. आईला या गोष्टीचा ताठा होता आणि तो तिला शोभायचा.

आता गज्याच्या कलेबद्दल. गज्या रॅप करायचा. रॅप म्हणजे काय हे मला त्यानंच समजावून सांगितलं होतं: मनातली आग शब्दांतून बाहेर काढायची. गज्याच्या मनात आग कुठून आली हे मला अजून कळलेलं नाही, कारण त्याला आयतं पाणी, आयती भाकर आणि बाबांची मोटारसायकल मिळत होती. सूर्य डोक्यावर आला की तो उठायचा, बाजेवर बसून आरशात बघत दाढी कोरायचा आणि मग 'मी मातीतला पोरगा, घामानं भिजलो' असलं काहीतरी मोबाईलात बोलायचा. मातीत त्याचा पाय पडला तो क्रिकेटचा बॉल मेथीत गेला तेव्हा. हात असे हलवायचा की मधमाश्या मागं लागल्यात. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथं तर पाणीच नव्हतं, नुसता खळखळाट. त्याचे व्हिडिओ त्याचे चार मित्र बघायचे आणि त्यातला एक शिव्या द्यायचा.

एका बाजाराच्या दिवशी गज्या आमच्याबरोबर काळीपिवळीत येऊन बसला. आईच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं होतं. पोरगा हाताखाली आला असं तिला वाटलं. तो आला आणि टोपलीमागं मोबाईल धरून बसला. "माय, जरा जोरानं ओरड ना," म्हणाला. "माईक चेक करून राह्यलो." आई खूश होऊन नेहमीपेक्षा चढवून ओरडली. मेथी हा हा म्हणता संपली. परत येताना तिनं गज्याला भजी खाऊ घातली, मला नाही, कारण मी रोजचीच.

तो आवाज गज्यानं पुण्याच्या एका गायकाला पाठवला. त्या गायकाचं नाव रिवान. आडनाव नव्हतं, अशा लोकांना आडनाव परवडत नाही. गोड गळ्याची प्रेमगीतं गायचा, कपाळावरच्या केसांतून अर्ध्या डोळ्यानं बघायचा आणि पोरींना तो अर्धा डोळा पुरायचा. पण तेच तेच गोड ऐकून लोकांना आंबट ढेकर यायला लागले होते म्हणे, आणि त्याच्या कंपनीला काहीतरी 'रांगडं' पाहिजे होतं. तर रिवान गाणार, जी-किन्ही रॅप करणार आणि मध्ये मध्ये आमची आई ओरडणार. आईला यातलं कुणी काही विचारलं नाही. शूटिंगला येतो म्हणून निरोप आला तेव्हा तिला कळलं, आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा की जेवायला किती माणसं.

दोन गाड्या आल्या. रिवान पांढरेशुभ्र बूट घालून उतरला आणि सरळ नुकत्या भिजवलेल्या वाफ्यात गेला. मागोमाग त्याची माणसं छत्र्या, आरसे आणि एक भुणभुणणारं यंत्र घेऊन. ते यंत्र डोक्यावर उडायला लागल्यावर बाबांनी दांडी वळवायची थांबवून वर पाहिलं, आणि मग खाली आपल्या मेथीकडं पाहिलं. अर्धा वाफा तुडवला गेला होता. आईनं गोवऱ्यांवर रोडगे, कणकेचे जाड गोळे, भाजले होते, वांग्याची तिखटजाळ भाजी, वरण, वरून तुपाची धार. रिवान म्हणाला, "काकू, किती ऑथेंटिक आहे हे!" दोन घास खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि गाडीत जाऊन बिस्किटं खाल्ली. माझ्याकडं वळून विचारलं, "तू पण इथंच असतेस?" मी म्हटलं, "नाही, मी या बाजूनं चालले होते." त्याला ते खरं वाटलं. गज्यानं मला डोळे दाखवले. त्या दिवशी गज्यानं आयुष्यात पहिल्यांदा हातात खुरपं धरलं, तेही उलटं, आणि तोच भाग पुढं सगळ्यात जास्त चालला.

गाणं आलं. नाव 'आजचा हाय'. सुरुवातीला आईची हाळी, तिच्याखाली धडधड, मग रिवान काहीतरी चांदण्याबिंदण्याचं गुणगुणणार, त्याचा जीव कशावर तरी जडलेला, आणि मग आमचे चिरंजीव, काळा चष्मा, मेथीच्या जुड्यांचा हार: 'कालचा नाई, आजचा हाय, रस्ता सोड, जी-किन्ही हाय'. एवढंच. मी ते गाणं आजवर हजारदा ऐकलं असेल, त्यात याच्यापलीकडं काही सापडलं नाही. चांगल्या धान्यात खडे मिसळून मापाला लावावं तसं ते होतं, आणि लोकांनी खड्यांसकट खाल्लं. महिन्याभरात वाशीम जिल्ह्यात असं लग्न उरलं नाही की ज्यात डीजेवर आमची आई ओरडली नाही. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. धनजला आमच्या नात्यातल्या एका आजोबांच्या तेरवीला म्हणे चुकून कुणाच्या तरी मोबाईलात वाजलं आणि दोन माणसांचे पाय हलले. मालेगावच्या चौकात गज्याचा फ्लेक्स लागला, त्याच्याखाली शुभेच्छुक म्हणून ज्यांचे फोटो होते त्यात आमचा नानामामा सगळ्यात मोठा. हाच नानामामा दिवाळीला म्हणाला होता की हे कार्टं तुमचं नाव मातीत घालणार. आता तो भेटेल त्याला सांगायचा, "भाचा हाये माहा. मीच त्याले म्हणलं होतं, गाणं गाय बाबा."

कंपनीनं गज्याला पैसे दिले, गज्यानं मोटारसायकल घेतली आणि तिच्यावर मागं लिहून घेतलं, 'मायचा आशीर्वाद'. आई खूश होती, हे मी लपवणार नाही. तिला भुरळ पडली होती. मोरपंखी साडी आली, ती नेसून ती बाजाराला जायला लागली. काळीपिवळीच्या ड्रायव्हरनं गाणं लावलं की पदर सावरून बसायची आणि इकडं तिकडं बघायची, कोण बघतंय का. माझा जळफळाट व्हायचा. मी एकदा म्हटलं, "माय, तुले लाज कशी नाई वाटत?" ती म्हणाली, "लाजाले काय झालं वं? चोरी केली का म्या? आतापावतर बाजारच ऐकत होता, आता मुंबईपावतर लोक ऐकून राह्यले." याचं उत्तर तिला बाजारानंच दिलं.

कारण झालं असं की ती टोपलीपुढं बसून 'येऽऽ वं माय' म्हणाली की आजूबाजूची पोट्टी 'धूम धूम धूम' करायला लागायची. पहिल्या बाजाराला गंमत वाटली. दुसऱ्या बाजाराला आई हसली, पण तोंडभर नाही. पुढं पुढं तिची हाळी पुरीच होऊ देईनात. ती 'कालचं नाई' म्हणायची आणि समोरून दहा जण ओरडायचे, 'रस्ता सोड!' भाजी घ्यायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत बाजूनं निघून जायच्या. ज्या थांबायच्या त्या मोबाईल काढायच्या, आईच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायच्या आणि मेथी कौसाबाईच्या पलीकडच्या बाईकडून घ्यायच्या. ती बाई आदल्या दिवशीचा माल पाणी मारून विकायची. आई कितीही ओरडली तरी ती आता ताजी भाजी विकतेय असं कुणाला वाटेचना. ती गाणं म्हणतेय असंच वाटायचं. ऊन चढायचं, जुड्या माना टाकायच्या आणि टोपली अर्धी भरलेली परत यायची. ती भाजी बाबा मुकाट्यानं गाईपुढं टाकायचे. एवढी प्रसिद्ध मेथी खाणारी गाय साऱ्या तालुक्यात आमचीच.

मला वाटलं, लोकांना खरी आई दाखवावी. मी एका सकाळी, बाजार अजून भरायचा होता तेव्हा, तिचा साधा व्हिडिओ काढला. ती, टोपली, हाळी, बस्स. संध्याकाळी मोबाईलवर चढवला. थोड्या वेळात त्याचा आवाज गेला. खाली इंग्रजीत सूचना आली की या व्हिडिओतला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे, म्हणून तो बंद करण्यात आला आहे. मी तीन-तीनदा वाचलं. गज्या घरीच होता, आंघोळ करून केसांना काहीतरी चोपडत होता. मी त्याला मोबाईल दाखवला.

"हे काय हाये रे?"

"कॉपीराईट हाये ते," तो म्हणाला. "कंपनीचं यंत्र असते. आपोआप पकडते."

"कायचं कॉपीराईट? माय हाये ते आपली."

"माय आपलीच हाये. आवाज कंपनीचा हाये. म्या सही केली ना." आणि मग मलाच समजावायला लागला, "तुले बिझनेस समजत नाई वैशे. गाणं लावून कोणी नाचलं तं चालते, त्यातून त्याइले फायदा होते. असा सुटा आवाज टाकला तं यंत्राले चोरी वाटते."

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हंजे म्या बाजारात ओरडू का नोको?" गज्या हसला. "ओरड ना माय. बाजारात कोण पकडते?" असं म्हणून त्यानं मोटारसायकलला किक मारली. त्याच्या हातून ती सही होताना त्याला एकदाही वाटलं नाही की ही वस्तू आपली नाही. आजीची होती, आईची झाली, उद्या त्याच्याच बायकोची व्हायची होती. कायदा बाजारातल्या बायांना माहीत होता. ह्याला भाकर माहीत होती फक्त. मला त्या संध्याकाळी त्याचा इतका तिटकारा आला की पुढं बरेच दिवस मी त्याच्या ताटात वाढलं नाही, त्याचं त्यानं घेतलं.

मग सत्कार झाला. तालुक्याला नाव मिळवून दिलं म्हणून मालेगावला मंडप घातला, खुर्च्या आल्या, पुढारी आले, ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही असे सगळे पहिल्या रांगेत बसले. रिवान येणार होता, त्याचा व्हिडिओ आला. त्यात तो मालेगावला 'मालगाव' म्हणाला तरी टाळ्या पडल्या. गज्याला फेटा बांधला. आईला मोरपंखी साडीत वर नेऊन बसवलं आणि तिच्यापुढं एक टोपली आणून ठेवली, सजावट म्हणून. मंडपवाल्यानं कुठून तरी आणलेली मेथी होती. सूत्रसंचालन करणारे एक प्राध्यापक होते, दर वाक्याला 'मातीचा गंध' म्हणायचे. ते म्हणाले, "आता माउली, तो जगप्रसिद्ध आवाज आम्हाला प्रत्यक्ष ऐकवा." आणि माईक आईच्या तोंडापुढं धरला.

मी खाली बायांच्या रांगेत होते. मला आईचा हात दिसला. तो सवयीनं टोपलीकडं गेला, तिनं एक जुडी उचलली, देठ दाबून पाहिले, पानं चुरगळून वास घेतला. मग जुडी परत ठेवली. गज्या तिच्याकडं वाकून हळूच म्हणाला, पण माईक जवळ असल्यानं सगळ्या मंडपाला ऐकू गेलं, "म्हण ना माय, काहून थांबली?"

"हे तं कालचं हाये," आई म्हणाली.

मंडप कोसळायचाच बाकी राहिला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले, शिट्ट्या, टाळ्या. प्राध्यापक म्हणाले, काय ही हजरजबाबी वृत्ती, हाच तो मातीचा गंध. आई गोंधळून सगळीकडं बघत होती. तिनं माईक हातानं जवळ ओढला आणि परत सांगितलं, समजावून, गिऱ्हाईकाला सांगतात तसं: "नाई बाप्पा, खरंच कालचं हाये. याच्यावर हाळी नाई देत आमी." लोक आणखी हसले. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण गाढव निदान गूळ खाऊन टाळ्या तरी वाजवत नाही. गज्यानं पुढं होऊन 'रस्ता सोड' सुरू केलं, डीजेवाल्यानं बटण दाबलं आणि माझी आई स्वतःच्याच आवाजात बुडून गेली. तिथं बसलेल्या एवढ्या माणसांत एकालाही कळलं नाही की या बाईनं नाही म्हटलंय. तिचं ते वाक्यही लगेच मोबाईलात फिरलं. गज्यानं आणि रिवाननं घाईघाईनं त्याच्यावर दुसरं गाणं काढलं, 'हे तं कालचं हाये'. ते पडलं. वरातीमागून घोडं आलं की त्याच्यावर कोण बसतं? पण ते पडायच्या आधीच आईनं बाजार बंद केला होता.

सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून ती टोपली भरायची, पण काळीपिवळीत चढायची नाही. बाबा माल न्यायचे आणि अडत्याला पडेल त्या भावात देऊन यायचे. घरात आई कामं करायची, जेवायची, सगळं नेहमीसारखं, फक्त मोटार चालू असली तरी ओरडून बोलायची नाही. जवळ येऊन हळू बोलायची. कुणाला ऐकू आलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायची नाही. आमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती आणि मला ती सहन होत नव्हती. मी तिला म्हटलं, "जागा जाईन आपली. कौसाबाईनं आताच तिच्या मिरच्या इकडं सरकवल्या." ती म्हणाली, "जाऊ दे." पंचफुलाबाई जागेबद्दल 'जाऊ दे' म्हणाली हे कौसाबाईला सांगितलं असतं तर तिला चक्कर आली असती.

तेव्हा मी जाऊन बसले. मला हौस नव्हती. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि भाजी विकण्यापेक्षा मला आणखी शंभर गोष्टी करायच्या होत्या, त्यातल्या काही पुढं केल्या, मास्तरीण झाले. पण त्या सकाळी मी मेथी उपटली, जुड्या बांधल्या, कौसाबाईच्या मिरच्या पायानं मागं सरकवल्या आणि आईच्या गोणपाटावर बसून तोंड उघडलं. आवाज फाटला. पोट्ट्यांना तर पर्वणीच. 'ओरिजनल आई नाई, बहीण हाये,' म्हणत धावत आली, मोबाईल वर करून माझ्याभोवती कोंडाळं केलं, धूम धूम केलं, रस्ता सोड केलं. मी बोलत राहिले. शिवी दिली नाही, कारण शिवीचंही त्यांनी गाणं केलं असतं. कौसाबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "वरचा 'ये' पोटातून काढ. नाकातून काहून काढून राह्यली?"

आणि मग जे झालं ते त्या कंपनीच्या मूर्ख यंत्रानं केलं. मी काही केलं नाही, गावानं तर नाहीच नाही. पोट्ट्यांनी घरी जाऊन व्हिडिओ चढवले आणि एकामागून एक सगळ्यांचा आवाज गेला. माझा बेसूर आवाजसुद्धा यंत्राला कंपनीचाच वाटला. कौसाबाई म्हणाली तसा मी 'ये' पोटातून काढला होता. नुसतं तोंड उघडतंय-मिटतंय असं बघायला कोण थांबणार? पुढच्या बाजाराला कोंडाळं निम्मं होतं. त्याच्या पुढच्याला दोन-तीन उनाड पोरं आली आणि कुल्फी खायला निघून गेली. ज्या गोष्टीचा व्हिडिओ होत नाही तिच्यात त्यांना कसलाच रस नव्हता. दुपारपर्यंत माझी मेथी संपली. एका बाईनं जुडी उलटी करून पाहिली, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "पंचफुलाबाईची पोरगी ना तू?" आणि जुडी न बघता पिशवीत टाकली.

घरी येऊन मी रिकामी टोपली आईपुढं आपटली. पुढच्या बाजाराला उजाडायच्या आत ती वाफ्यात होती, जुन्या लुगड्यात, आणि माझ्या हातातल्या जुड्या सोडून परत बांधत होती कारण त्या तिला सैल वाटत होत्या. मोरपंखी साडी तिनं पुढं बुजगावण्याला नेसवली. वाऱ्यानं ती फाटेपर्यंत गज्याला जाता-येता दिसायची. गज्याचा आता कुणाला विसरही पडत नाही, कारण कुणाला तो आठवतच नाही. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, त्याच जागेवर बसते, आणि जी-किन्ही मोटारसायकलवरून तिला माल आणून देतो. मागचं 'मायचा आशीर्वाद' पुसट झालं आहे, पण वाचता येतं. परवा माझ्या शाळेतल्या एका पोराला मी 'आजचा हाय' ऐकलंस का विचारलं, तर तो म्हणाला, "कायचं हाय?"

तर त्या दिवशी आई परत गोणपाटावर बसली. टोपली चाचपली, एक लुसलुशीत नसलेली जुडी काढून मागं टाकली आणि पदर खोचला. समोर एक उशिरा जागा झालेला पोरगा मोबाईल धरून उभा होताच. आईनं त्याला जवळ बोलावलं, "नीट धर बापा, हालवू नोको," म्हणाली, आणि सरळ त्या मोबाईलच्या डोळ्यात बघून अशी हाळी दिली की बसस्टँडावरच्या बाया वळून इकडं यायला लागल्या. कौसाबाईनं मान हलवली आणि मिरच्या आपण होऊन मागं घेतल्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता आईनं मला तो व्हिडिओ शोधायला लावला. मिळाला. त्यात तिचं तोंड मोठं उघडत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, मागून बाया धावत येत होत्या, आणि आवाज काडीचा नव्हता. आईनं पिठाचे हात वर धरून तो शेवटपर्यंत पाहिला.

"आयकाचं असन तं बाजारात यावं लागन मंग त्याइले," ती म्हणाली, आणि मोटार चालू नसतानाही ओरडून बाबांना जेवायला बोलावलं.